सकीनाचे चार कोपरे

रहीम पिंजारी मुलीला घेऊन शाळेत आला तेव्हा मी फळ्यावर तारीख लिहीत होतो. म्हणून ती लक्षात राहिली. बारा जून एकोणीसशे तेहतीस, सोमवार.

आमची शाळा धुळ्यात पांझरेच्या अलीकडे होती. काही मंडळींनी मिळून चालवलेली. आता ती नाही, तेव्हा नाव सांगण्यात अर्थ नाही. रहीमच्या खांद्यावर कापूस पिंजायची कमान होती. भुवयांवर, दाढीत, कानाच्या पाळ्यांवर कापूस बसलेला. त्याच्या मागे त्याचा सदरा धरून सात वर्षांची पोरगी उभी होती. तिच्या केसांतही कापूस होता.

"मास्टर, इसकू दाखल करो," रहीम म्हणाला.

"रहीमभाई, उर्दू शाळा तुमच्या घराला जवळ पडेल."

"मालूम है. वहाँ के नूर महंमद मुन्शी मेरे पडोसी हैं. रोज दुआसलाम है." त्याने कमान भिंतीला टेकवली. "लेकिन कचेरी का कागद मराठी में आता है. मेरे बाप कू एक कागद आया था. तीन घर फिरा पढवाने. तीनों ने तीन बातें बताई. बाप मर गया, अब तक मालूम नहीं सच्ची बात कौनसी थी." तो हसला. "घर में एक पढनेवाला होना. बाकी कुछ नहीं मंगता."

मी पटावर नाव घातलं. सकीना रहीम पिंजारी.

पहिले पंधरा दिवस ती वर्गात बोलली नाही. असं बरीच मुलं करतात. मी घाई करत नाही. मुलाला बोलतं करायला जावं तर ते आणखी आत शिरतं, हे मला फार आधी कळलेलं होतं. मग एके दिवशी मधल्या सुटीत फाटकापाशी गलका ऐकू आला. एका गुजराती शेठाणीची बग्गी उभी होती. सकीनाची आई खातून त्यांच्याकडे धुणंभांडी करायची आणि रहीम त्यांच्या गाद्या भरायचा. शेठाणीला खातूनसाठी निरोप द्यायचा होता. सकीना चाकाजवळ उभी राहून तिच्याशी गुजरातीत बोलली, वळून बग्गीवाल्याला हिंदीत थांबायला सांगितलं, तेवढ्यात भाकर घेऊन आलेल्या आईला तोच निरोप अहिराणीत दिला. आणि सुंदर नावाची तिची मैत्रीण मध्ये काहीतरी बोलली तेव्हा सकीना तिला म्हणाली, "थांब गं, मोठी माणसं बोलताहेत." ही मराठी माझी होती. माझंच वाक्य, माझ्याच सुरात.

त्या दिवशी संध्याकाळी मी बाजारातून एक जाड वही आणली.

मला मुलांचे शब्द गोळा करायची सवय होतीच. कोणाला किती शब्द येतात, कोणते आधी येतात, कोणते कधीच येत नाहीत. सकीनाच्या वहीची मी चार भागांत आखणी केली. घरातलं, चुलीजवळचं, शेतातलं सगळं अहिराणीत, कारण खातून शिरपूरकडची. बापाच्या धंद्यातलं, रस्त्यावरचं, मदाऱ्याच्या खेळातलं हिंदीत. शेठाणीच्या घरातलं गुजरातीत. आणि पुस्तकातलं मराठीत. मी एखादी वस्तू हातात धरायचो आणि जसं मला ठाऊकच नाही असं विचारायचो, "याला तुझी आई काय म्हणते?" ती सांगायची, मग मी कसं लिहितो ते मान वाकडी करून बघायची. दीड वर्षात वहीत नऊशेच्या वर शब्द भरले. त्याच वर्गात एका वकिलाचा मुलगा होता. त्याला एकच भाषा होती आणि त्याचे सहाशेही भरले नाहीत. वाचायला मात्र दोघं सारखीच, किंबहुना सकीना अधिक सफाईने वाचायची. अक्षर तिने माझ्या कित्त्यावरून घोटलं होतं. तिचा 'क्ष' आणि माझा 'क्ष' शेजारी ठेवला तर मलाही सांगता येत नसे.

एक गोष्ट तिच्यात होती. एका वाक्यात ती तीन भाषा आणायची. जो शब्द आधी हाताला लागेल तो घेऊन पुढे जायची, घाईत माणूस कोणाचीही वहाण पायात घालून दारात जातो तशी. मला त्यात काही वाईट दिसलं नाही. पण एकोणीसशे पस्तीसच्या जानेवारीत आमच्या हेडमास्तरांनी मला खोलीत बोलावलं.

"मास्तर, फेब्रुवारीत तपासणी आहे. पुण्याहून एक गृहस्थ येणार आहेत. त्यांच्याकडे चित्रं असतात आणि घड्याळ असतं. मुलाची भाषा आणि बुद्धी दोन्ही मोजतात म्हणे."

"कशाला?"

"मुलं जास्त, जागा कमी. मंडळाचा ठराव झाला आहे. दुसरीतल्या सगळ्यांची परीक्षा. पन्नासात पंचवीसच्या खाली आला तो कच्च्या वर्गात."

कच्चा वर्ग म्हणजे मागची पडवी. तिथे शिक्षक नेमायचा ठरावही त्याच बैठकीत झाला होता. शिक्षक नेमला नव्हता. पुढेही नेमला गेला नाही. पडवीत पाठवलेलं मूल आठ दिवस बसायचं आणि मग यायचं बंद व्हायचं, एवढंच.

"तुमची ती पिंजाऱ्याची पोर," हेडमास्तर म्हणाले, "तिची खिचडी साहेबांपुढे चालायची नाही. मी ऐकलं आहे, परभाषेतला शब्द आला की ते काट मारतात आणि शेजारी 'मिश्र' असा शेरा लिहितात. महिना आहे. बघा काय होतं ते."

मी महिनाभर काय केलं ते आता सांगतो. त्याबद्दल दुसऱ्या कोणाला बोल लावता येत नाही.

सुधारायचं म्हणजे छडी, असा माझ्या लहानपणी रिवाज होता. मी शिरपूरजवळच्या खेड्यातला. शाळेत घरचा शब्द तोंडातून निघाला की हातावर बसायची. मी ते कोणाला करणार नव्हतो. तिची कोणतीही भाषा वाईट आहे असं मला तिला सांगायचं नव्हतं. म्हणून मी वर्गाचे चार कोपरे वाटून दिले. फळ्याचा कोपरा मराठीचा. दाराचा अहिराणीचा. खिडकीचा, जिथून मशिदीची गल्ली दिसते, हिंदीचा. आणि कपाटाचा कोपरा गुजरातीचा, कारण शेठाणीच्या घरी तसंच पितळी कड्यांचं कपाट होतं, असं सकीनाच म्हणाली.

शाळा सुटल्यावर आम्ही दोघं थांबायचो. सुंदर दारात बसून पाटीवर रेघोट्या मारायची.

"या कोपऱ्यात फक्त इथली भाषा," मी सांगितलं. "इथला शब्द आला नाही तर गप्प राहायचं. दुसरीकडचा इथे आणायचा नाही. मग उठायचं, तो शब्द जिथे राहतो तिथे जायचं, आणि तिथे म्हणायचा."

"आणि तिथं पण नसला तर?"

"मग पुढच्या कोपऱ्यात."

"चारी कोपऱ्यांत नसला तर?"

"मग मला विचारायचं."

तिला खेळ फार आवडला. मी एखादी वस्तू दाखवायची आणि ती तुरुतुरु खिडकीपाशी जाऊन शब्द सांगून परत यायची. पहिल्या आठवड्यात घसरायची. दुसऱ्यात कमी. तिसऱ्या आठवड्यात फळ्यापाशी उभी असताना दुसरीकडचा शब्द ओठांवर आला की ती हाताने तोंड दाबून धरायची आणि डोळ्यांनी हसायची. मी शाबास म्हणायचो.

"दाराच्या कोपऱ्यात ही जास्तच बडबडते," सुंदर एकदा म्हणाली.

"तिची आई आहे तिथं," मी म्हणालो.

सकीनाने मला विचारलं, "गुरुजी, तुम्ही कोणत्या कोपऱ्यात राहता?"

"फळ्यापाशी."

"घरी पण?"

"घरी पण," मी म्हणालो.

दाराच्या कोपऱ्यात मी कधी बोललो नाही. तिथे मी फक्त ऐकायचो आणि लिहायचो. मास्तरच्या तोंडी ती भाषा शोभत नाही, असं तेव्हा सगळे समजत. मीही समजत होतो.

तपासणीच्या दिवशी खातूनने तिच्या केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या होत्या. कापसाचा एक तंतूही दिसू दिला नव्हता. पुण्याचे गृहस्थ चाळिशीचे, सौम्य बोलणारे, मुलांशी हसून वागणारे. त्यांना वाईट म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. उजेड चांगला म्हणून त्यांनी टेबल फळ्याच्या कोपऱ्यात लावलं. समोर मुलासाठी खुर्ची. वर्गशिक्षकाने मागे बसायचं, बोलायचं नाही, खूण करायची नाही. हेडमास्तर दारात उभे.

सकीना आली. खुर्ची कुठे आहे ते तिने पाहिलं आणि माझ्याकडे एकदा बघून समजल्यासारखी मान हलवली. फळ्याचा कोपरा. मराठी.

पहिली नऊ चित्रं तिने भराभर सांगितली. मोर, छत्री, बैल, विहीर. उच्चार स्वच्छ. साहेबांनी माझ्याकडे पाहून भुवया उंचावल्या, कौतुकाने. दहावं चित्र झोपाळ्याचं होतं. घरातला, कड्यांना टांगलेला, लाकडी पाटाचा. असा झोपाळा सकीनाने आयुष्यात एकाच घरी पाहिला होता. शेठाणी तिला त्यावर बसू द्यायची. तिचा चेहरा उजळला. ती साहेबांकडे न बघता कपाटाकडे बघू लागली.

"काय आहे हे?"

ती गप्प. साहेबांनी घड्याळ पाहिलं, चित्र उलटं केलं.

मग कात्री. बाप गादीचं कापड कापतो ती. तिने खिडकीकडे पाहिलं. मग अस्वल. पुन्हा खिडकी. मदारी दर वर्षी मशिदीच्या गल्लीत यायचा. त्यानंतर एका घराचं मोठं चित्र, माणसं जेवायला बसलेली. "हे सगळे काय करताहेत ते सांग." ती दाराकडे बघू लागली. मी वहीत पाहिलं आहे, जेवणाखाण्याचे तिचे दोनशे शब्द होते, आणि ते सगळे दाराशी राहत होते.

मग ती उठली. खुर्ची मागे सारून सरळ कपाटापाशी गेली, त्याच्या कडीवर हात ठेवला आणि साहेबांकडे वळून तोंड उघडलं.

"बस खाली," साहेब म्हणाले. आवाज चढवला नाही. "मध्येच उठायचं नाही."

ती परत आली आणि बसली. नियमाचा निम्मा भाग उरला होता, तो तिने पाळला. इथला शब्द आला नाही तर गप्प राहायचं. त्यानंतर जे शब्द तिला मराठीत येत होते तेही येईनात. 'उशी'चं चित्र होतं. हा शब्द तिने मला आदल्याच दिवशी फळ्यापाशी सांगितला होता. तिने तोंडावर हात दाबून धरला. या वेळी डोळे हसत नव्हते.

मला एक वाक्य पुरलं असतं. साहेब, ती शब्द आणायला गेली होती. हेडमास्तर दारात होते, सूचना स्पष्ट होती, आणि मी तीस वर्षं सूचना पाळत आलो होतो. मी बसून राहिलो.

पन्नासपैकी एकोणीस. शेजारी त्यांनी लिहिलं: चंचल, मध्येच उठून जाते.

मुलं गेल्यावर मी त्यांना कोपऱ्यांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मध्ये तोडलं नाही.

"मास्तर, तुमचा हेतू चांगला होता. पण पोरीला तुम्हीच अडकवलंत."

"मान्य आहे. म्हणून म्हणतो, तिला पुन्हा बसवा. उठू द्या. चारही भाषांतले शब्द मोजा."

"आणि लिहू कुठे?" त्यांनी छापील कागद माझ्यापुढे धरला. "रकाना एकच आहे. शिवाय तिला जास्त वेळ दिला, बाकीच्यांना दिला नाही, असं झालं तर परीक्षा कसली? उद्या मला जळगावच्या मुलांना बसवायचं आहे."

रविवारी मी वही घेऊन जळगावला गेलो. चाळीसगावला गाडी बदलून पोचेपर्यंत दुपार झाली. साहेब ज्यांच्याकडे उतरले होते त्यांच्या ओसरीवर बसून त्यांनी वही पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळली. माझा चहा निवला, त्यांचाही निवला.

"किती दिवस लागले याला?"

"दीड वर्ष."

"असं काम कोणी करत नाही हो. मी ट्रेनिंग कॉलेजात शिकवतो, तिथेसुद्धा नाही." ते खरोखर हेलावले होते. "ही वही मला हवी. एक-दोन महिन्यांत परत पाठवतो."

"आणि निकाल?"

"निकाल गेला मंडळाकडे. त्यात आता मला हात घालता येणार नाही. पण वहीमुळे पुढच्या मुलांचं भलं होईल, हा विचार करा."

मी वही दिली. त्यांना ती नीट कळली म्हणजे ते मंडळाला दोन ओळी लिहितील, अशी मला आशा होती. दुसऱ्या वर्षी पुण्याच्या एका शिक्षणविषयक मासिकात त्यांचा लेख आला. अनेक भाषांत वाढणाऱ्या मुलांच्या डोक्यात कसा गोंधळ माजतो, यावर. त्यात खानदेशातल्या एका पिंजाऱ्याच्या मुलीचे शब्द होते, चार रकान्यांत, माझ्याच क्रमाने. ज्या वस्तूला तीन नावं होती तिथे त्यांनी तो अनिश्चितपणा मानला होता. वही परत आली नाही.

जळगावहून आल्यावर मी नूर महंमद मुन्शींना गाठलं. कोपऱ्यांचं, परीक्षेचं सगळं सांगितलं आणि उर्दू शाळेत तरी तिला घ्या म्हणालो. त्यांनी लगेच व्यवस्था केली. चांगला माणूस. पण त्यांच्याही मंडळाने तिला एका मौलवीसाहेबांपुढे उभं केलं. आठ दिवसांनी मुन्शी माझ्याकडे आले आणि टोपी काढून बाकावर बसले.

"मास्टरसाहब, वो बोले, ये उर्दू नहीं, खानदेसी है. लब्ज देहाती, लहजा देहाती. ऊपर से लिखती मराठी है. पहले साल में बिठाएंगे, पाँच साल के बच्चों के साथ. तपासणी की बात बाप से छुपाके पूछा, वो राजी नहीं. बोलता है दो साल पढी हुई लडकी को वापस अलिफ पर क्यों बिठाऊँ."

"तुम्ही काही बोललात?"

"आप बोले थे?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच हसले. "आपके यहाँ मराठी कम पडी, हमारे यहाँ उर्दू कम पडी. अब हम दोनों मिलके एक पिंजारियों का मदरसा खोलते हैं. आप खिडकी में बैठो, मैं दरवाजे में."

मार्चअखेर निकालाच्या चिठ्ठ्या घरी पाठवायच्या होत्या. मंडळाचा मजकूर मोडीत होता. पालकांसाठी बालबोधीत उतरवून द्यायचं काम वर्गशिक्षकाचं, आणि खाली सही. सकीनाची चिठ्ठी मी तीन दिवस लिहिली नाही. हेडमास्तर माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"तुमच्या एका सहीसाठी बाकीच्या एकवीस मुलांचा निकाल अडला आहे. त्यांच्या बापांना काय सांगू?"

"हा शेरा खोटा आहे."

"असेल. तुम्ही तो लिहिलेला नाही, तुम्ही तो उतरवता आहात. एवढाच फरक आहे, पण आहे."

मी उतरवला. सही केली. माझं अक्षर नेहमीसारखंच आलं, याचं मला अजून नवल वाटतं.

बाकीच्या चिठ्ठ्या मुलांच्या हाती गेल्या. ही मी स्वतः घेऊन गेलो. दुपारची वेळ होती. रहीम अंगणात शेठाणीची गादी भरत होता. समोर पिंजलेल्या कापसाचा ढीग. खातून आतल्या उंबऱ्याशी बसून खोळीला टाके घालत होती आणि सकीना तिला सुईत दोरा ओवून देत होती. मला पाहून सकीना उभी राहिली. दोन महिन्यांत वेण्या पुन्हा सैल झाल्या होत्या, केसांत कापूस परत आला होता.

"मास्टर, बैठो, बैठो." रहीमने हात झटकले. माझ्या हातातला कागद बघून त्याचा चेहरा फुलला. "कागद आया?"

"हो. मी वाचून दाखवतो."

"आप काय कू?" त्याने कागद माझ्या हातातून घेतला आणि मुलीपुढे धरला. "अपना पढनेवाला है ना घर में. पढ, बेटा. जोर से."

मला तो कागद परत घ्यायचा होता. पण तिने वाचायला सुरुवात केली होती.

"सकीना रहीम पिंजारी. इयत्ता दुसरी. तपासणीत पन्नासपैकी गुण एकोणीस. मुलीस कोणतीही एक भाषा धड येत नाही. आकलन मंद. वृत्ती चंचल. नियमित वर्गात बसण्यास ती अयोग्य आहे. पालकांनी तिला घरकामात गुंतवावे हे उत्तम."

कुठेही अडखळली नाही. जोडाक्षरं पुरी, पूर्णविरामाला थांबणं पुरं. मी शिकवलं होतं तसं, कागद छातीपासून वीतभर दूर धरून. रहीमला बाजारातली मराठी कळायची, कागदावरची नाही. आणि तो अर्थ ऐकतच नव्हता. आपली मुलगी कचेरीच्या कागदासारखा कागद न थांबता वाचते आहे, हे तो ऐकत होता. तिचं वाचून झालं तरी तो तसाच मान हलवत राहिला.

सकीना कागदाच्या खालच्या भागाकडे बघत होती.

"अक्षर तुमचं आहे," ती मला म्हणाली. मराठीत. "सही पण."

"हो," मी म्हणालो.

"अब बता, क्या लिखे?" रहीमने विचारलं.

ती बापाकडे वळली. "लिखे हैं, बाबा, के लडकी हुशार है. पन शाला में जगह नहीं है. बच्चे बहोत हो गए. इस वास्ते घर पे ही पढना."

रहीमने माझ्याकडे पाहिलं. "ऐसा है, मास्टर?"

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. ती कागदाची घडी घालत होती, माझ्या चिठ्ठ्यांची मी घालतो तशी, दोनदा आडवी आणि एकदा उभी.

"असंच आहे," मी म्हणालो.

"जगह नहीं तो क्या करेंगे." रहीमने थोडा वेळ कापसाकडे पाहिलं. "मेरा काम तो हो गया, मास्टर. मैंने इतना ही मांगा था. कागद आया, पढनेवाली घर में निकली. मेरे बाप के वक्त ये होती तो..." त्याने वाक्य सोडून दिलं आणि माझ्यासाठी चहा सांगायला शेजारी गेला.

खातूनने सुई थांबवली होती. तिने मुलीला हाताने जवळ बोलावलं. सकीना उंबऱ्यावर जाऊन बसली. तो दाराचा कोपरा होता.

"खरं सांग वं, काय लिखेल शे?" खातूनने हळूच विचारलं.

"माले काहीच येत नही, आसं लिखेल शे."

खातूनने सुई खोळीत खोवून ठेवली. मग म्हणाली, "कोनी लिखं?"

सकीनाने माझ्याकडे पाठ केली होती. आवाज तिने मुळीच खाली आणला नाही, कारण तशी तिला गरज वाटली नाही. दीड वर्ष मी तिला प्रत्येक वस्तू हातात धरून विचारलं होतं, याला तुझी आई काय म्हणते.

"सायबनी," ती म्हणाली. "गुरुजी नुसता कागद लई उनात. त्यासना काई दोस नही."

शेजारून रहीम चहा घेऊन आला. मी तो घेतला. गरम होता, तसाच प्यायलो आणि उठलो. खातून माझ्यासाठी उठून उभी राहिली, पदर सारखा केला. तिला माझ्याच मुलखातली वाक्यं येत होती, माझ्या आईच्या तोंडची. मला तिला काहीतरी म्हणायचं होतं, आणि ते फक्त त्याच भाषेत म्हणता आलं असतं.

मी मराठीत येतो म्हणालो आणि निघालो.